नसलेल्या माळवदावरची माती

नसलेली वस्तू आहे असं दाखवायचं, हे माझं काम होतं. एका लग्नाच्या पंगतीत माझ्या मावसदिरांना मी हे असंच्या असं सांगितलं, तर ते हातातली जिलबी थांबवून म्हणाले, "मग वहिनी, तुम्ही निवडणुकीला का उभ्या राहत नाही?" तेव्हापासून मी जरा सविस्तर सांगायला शिकले.

या कामाचं नाव ऑगमेंटेड रिॲलिटी. सरकारी मराठीत त्याला 'संवर्धित वास्तव' म्हणतात, पण लातूरच्या बाजारात हा शब्द काढला तर लोक खतांच्या दुकानाची चौकशी समजतील. आम्ही आपलं 'एआर' म्हणायचो. फोनचा कॅमेरा टेबलाकडे धरायचा. पडद्यावर तुमचं टेबल दिसतं, तुमचा चहाचा कप दिसतो, सगळं आहे तसं. आणि त्या कपाशेजारी एक हृदय येऊन बसतं. धडधडतं. तुम्ही टेबलाभोवती फिरलात की त्याची मागची बाजू दिसते, जवळ गेलात की मोठं दिसतं. फोन खाली ठेवला की नुसता कप उरतो, तोही एव्हाना गार झालेला. याची एक चुलत बहीण आहे, तिच्यात डोळ्यांवर डबा बांधतात आणि तुम्हाला भलत्याच जगात नेतात. आमच्यात तसं नाही. आम्ही तुम्हाला घरातून कुठे नेत नाही, तुमच्याच घरात काहीतरी आणून ठेवतो. मला या कामातली हीच गोष्ट आवडली.

आता फोनला कसं कळतं की टेबल कुठे आहे? तर फोन बारक्या खुणा शोधतो. लाकडाची रेष, सांडलेला पोहा, वर्तमानपत्राचा कोपरा. आपण फोन हलवला की या खुणा कशा सरकतात त्यावरून तो हिशेब करतो की अमुक उंचीवर सपाट जागा आहे, इथे वस्तू ठेवायला हरकत नाही. जितका पसारा जास्त तितका फोन खूश. एका क्लासच्या संचालकांच्या केबिनमध्ये चकचकीत काचेचं टेबल होतं. त्यावर हृदय काही केल्या ठरेना, घसरायचं नाहीतर जागच्या जागी थरथरायचं. मी पर्समधून जुना पेपर काढून पसरला. साहेब दुखावले. "मॅडम, टेबल आत्ताच पुसलंय," म्हणाले. मी म्हटलं, "सर, तीच तर अडचण आहे." हे पेपरचं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मी मूळची नांदेडची. ड्रॉइंगचा डिप्लोमा केला, लग्न होऊन लातूरला आले. हे ज्युनियर कॉलेजात गणित शिकवायचे. मी सुरुवातीला शाळा-कॉलेजांच्या प्रयोगशाळांसाठी कापडावर तक्ते रंगवत असे. बेडूक, फूल, कान, हृदय. पुढे लातूरचं नाव निकालांमध्ये गाजायला लागलं, गावोगावची पोरं ट्रंका घेऊन उतरायला लागली, गल्ल्यागल्ल्यांत क्लास आणि मेस निघाल्या. त्या सगळ्यांना तक्ते हवे होते. मग फ्लेक्स आले आणि तक्ते गेले. मी कॉम्प्युटर शिकले आणि गुणवंतांच्या बॅनरवरचे चेहरे गोरे करून द्यायला लागले. पालक समोर बसून सांगायचे, "अजून थोडा उजळ करा की." ती वर्षं मी सांगत बसत नाही. शेवटी इम्रान भेटला. नांदेडला आमच्या शेजारी राहणाऱ्यांचा मुलगा, इंजिनिअर, दोन लेकरांचा बाप. आम्ही दोघांनी मिळून क्लासच्या गल्लीत एक खोली घेतली. मी वस्तू घडवायची आणि त्याने ती फोनमध्ये चालती करायची. "मी देह करते आणि इम्रान त्यात प्राण घालतो," असं मी लोकांना सांगायची, तर तो म्हणायचा, "प्राण काय मॅडम, चुका घालतो मी. मग आठ दिवस त्याच काढत बसतो."

प्रवेशाच्या दिवसांत आम्ही एका क्लासच्या दारात आमचं हृदय टेबलावर मांडून बसलो होतो. जळकोटकडचे एक शेतकरी मुलीला घेऊन आले. मुलीच्या हातातल्या फोनमधून त्यांनी बघितलं. हळूच बोट पुढे केलं, ते हृदयातून आरपार गेलेलं दिसलं तसं चटकन मागे घेतलं, आणि मला विचारलं, "कोनाचं हाय?"

रांगेतली पोरं हसली. मुलगी लाजेनं लाल झाली. मी म्हटलं, "कोणाचंच नाही हो मामा."

"न्हाई, धडधडायलंय म्हून इचारलं," ते म्हणाले, आणि मुलीला म्हणाले, "बग बाई, नीट बगून घे."

त्या दिवशी त्या पोरांचं हसणं मला आवडलं नाही.

दुसरी गोष्ट देगलूरची. नांदेडच्या एका फर्निचरवाल्यासाठी आम्ही कपाटं आणि पलंग तयार केले होते, म्हणजे गिऱ्हाइकाला घरच्या घरी कपाट कोपऱ्यात उभं करून बघता यावं. देगलूरच्या एका घरी आम्ही मोठं तीन दारांचं कपाट दाखवलं. सगळ्यांनी बघितलं, आपसात तेलुगूत काहीतरी बोलून घेतलं, आणि "विचार करून सांगतो" म्हणाले. म्हणजे नको. मी फोन पर्समध्ये टाकला. चहा झाला. घरातल्या बाई स्वयंपाकघरातून कप घेऊन आल्या, बशा घेऊन गेल्या, आणि दर वेळी त्या कोपऱ्याला वळसा घालून चालल्या. जिथे कपाट नव्हतं, त्याच्या कडेकडेने. इम्रानने मला कोपराने ढोसलं. डोक्याला ठाऊक असतं की तिथे काही नाही, पायांना ते पटायला वेळ लागतो. या धंद्यात मला कळलेली खरी गोष्ट ही एवढीच.

आता मनीषाचं सांगते. खरं तर तिच्यासाठीच हे लिहायला बसले.

ज्या क्लासच्या दारात आम्ही हृदय मांडून बसलो होतो, त्याच क्लासमध्ये मनीषा जीवशास्त्र शिकवायची. आमचं हृदय वर्गात सगळ्यात छान तीच वापरत असे. मुलांना म्हणायची, "याच्या आत जा, घाबरू नका, रक्त लागणार नाही." हसरी मुलगी. ती किल्लारीच्या पट्ट्यातल्या एका गावची आहे आणि भूकंपात तिची आई गेली, हे मला माहीत होतं, पण त्या भागातल्या माणसाला आपण होऊन कोणी काही विचारत नाही. त्या पहाटे आम्हीही लातुरात भाड्याच्या घरातून अंगावरच्या कपड्यांनिशी पळालो होतो. आमचं घर उभं राहिलं. तिकडची गावंच्या गावं झोपली.

एक दिवस वर्ग सुटल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली. सातवा महिना होता तिला. म्हणाली, "मॅडम, हृदय ठेवता तसं घर ठेवता येईल का? पडलेलं घर?"

"केवढं?"

"होतं तेवढंच. आत जाता आलं पाहिजे."

मी म्हटलं, येईल, पण ते कसं होतं हे सांगणारं कोणीतरी लागेल. ती पदराशी चाळा करत बसली, मग म्हणाली, "मला त्यात एकच बघायचंय. आई कुठं झोपली होती. मी पाळण्यात होते म्हणून वाचले, एवढं सगळे सांगतात. ती कुठं होती ते कोणी सांगत नाही. लहानपणी एकदा अप्पांना विचारलं, तर ते ताटावरून उठून शेतात गेले. मग मी कधी विचारलं नाही. आता माझ्या लेकराला पाळणा बांधायची गोष्ट निघाली, तर म्हणाले, बाजेवर निजवा, घरात पाळणा नको." तिचे डोळे भरून आले होते. "मॅडम, ते मला कधीच सांगणार नाहीत का?"

मी म्हटलं, रविवारी येते.

भूकंपानंतर त्यांचं गाव दुसरीकडे वसवलं. सरळ रस्ते, एकसारखी घरं, दारावर नंबर. घरात अप्पा आणि मनीषाची आत्या. आत्या विधवा, अहमदपूरकडं दिली होती. भावाचं लेकरू सांभाळायला आली ती राहिलीच. अप्पा उंच, वाकलेले, कमी बोलणारे. सरकारने दिलेल्या पक्क्या घरात ते जेवायचे, पण निजायचे अंगणात. पाऊस असेल तर ओसरीवर, पण छपराच्या कडेला.

जुन्या घराचं आत्याने सांगितलं. तिचं माहेर ते. दगड-मातीच्या रुंद भिंती, मध्ये लाकडी खांब, खांबांवर तुळया, त्यावर फळ्या, आणि फळ्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. याला माळवद म्हणतात. उन्हाळ्यात आत गारवा असतो. पण माती पावसाने धुपते, म्हणून दर वर्षी मृगाच्या आधी जिथे गळतं तिथे नवी माती टाकून चोपायची. वर्षानुवर्षं ती साठत जाते. भूकंपात भिंती आणि ही माती, दोन्ही माणसांवर आली. त्या पट्ट्यात मातीचा तो थर आठवून लोक अजून शिव्या देतात.

"चूल हिकडं, मधी दोन खांब, वर तुळीला पाळण्याचा कडा," आत्या धान्य पाखडता पाखडता सांगत होती. "पन निजायचे कुटं ते मला ठावं न्हाई बाई. म्या चार दिस माहेरपनाला यायची."

अप्पा जवळच बसून दोरी वळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

मी तक्ते रंगवायचे तेव्हाची एक युक्ती मला ठाऊक होती. प्राध्यापकाला विचारलं की हृदयाची झडप कुठे दाखवू, तर ते उद्या सांगतो म्हणतात. झडप चुकीच्या जागी काढून दाखवली की लगेच बोलतात. म्हणून मी घर केलं, आणि त्याचं दार मुद्दाम सात फूट उंच केलं. पुढच्या रविवारी अंगणात पसरलेल्या पोत्यावर ते परातीएवढं करून ठेवलं. आत्याने फोनमधून बघून कडाकडा बोटं मोडली. मनीषा बघत राहिली. मी फोन सहज म्हणून अप्पांसमोर धरला. त्यांनी बघितलं न बघितल्यासारखं केलं. मग म्हणाले,

"दार लई उंच केलाव."

आत्याचं सूप थांबलं.

"मग केवढं हवं अप्पा?"

ते उठले. मान खाली घालून वाकले आणि कपाळाजवळ हात आडवा धरून दाखवला. "एवडं. नवं मानूस आलं की डोस्कं आपटायचं." हात खाली घेत म्हणाले, "मनीच्या मायला पयल्याच दिशी लागलं व्हतं. हळदीच्या अंगानं रडली व्हती."

मनीषा पाणी आणते म्हणून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. आईबद्दल वडिलांच्या तोंडून तिने ऐकलेलं ते पहिलं वाक्य होतं.

मग मी चुकांचा सपाटा लावला. रांजण दाराबाहेर ठेवला. साणं, म्हणजे उजेडासाठी माळवदाला ठेवतात ते भोक, भलतीकडे पाडलं. गाईचा गोठा देवघराला चिकटवला. दर रविवारी अप्पा एकेक चूक काढायचे, आणि चुकीसोबत एखादी आठवण निघायची. एकदा वैतागून म्हणाले, "म्याडम, तुमाला काईच कसं येत न्हाई? आन तुमी साळंला चितरं देता मनं." इम्रान तोंड फिरवून हसला. मीही मनातून सुखावले. पण अंथरूण मात्र मी कुठेच टाकलं नाही. तिथे चूक करायची माझी छाती झाली नाही.

घर पुरं झालं तसं अप्पाच म्हणाले, "तितं नेऊन दावा. अंगनात खेळनं दिसतंय."

इतक्या वर्षांत ते त्या जागेवर गेले नव्हते. आम्ही पाचही जण सकाळी इम्रानच्या गाडीने निघालो. रस्त्यात खड्डे, म्हणून आत्याने मनीषाच्या पाठीशी स्वतः शिवलेली वाकळ घडी करून दिली होती. जुन्या गावाचे दगड लोकांनी कधीच नेले. वेड्या बाभळी, गवत, मध्येच मोकळी जमीन. आमच्याकडे गावाच्या जागेला पांढरी म्हणतात आणि शेताला काळी, ते का, हे तिथे उभं राहिलं की दिसतं. अप्पांनी एका लिंबाकडे बघितलं, बुजलेल्या आडाकडे बघितलं, आणि सरळ चालत जाऊन उभे राहिले. "हितं," म्हणाले.

इम्रानने घर उभं केलं. खऱ्या मापाचं, भिंती आणि दारासकट. मनीषाच्या हातातल्या फोनमध्ये ते त्या पांढऱ्या मातीवर उभं राहिलं. ती दारातून आत गेली, वर तुळयांकडे फोन केला. अप्पा तिच्या मागे उभं राहून खांद्यावरून बघत होते.

ऊन चढत होतं. जमीन धुतल्यासारखी, एका रंगाची, तिच्यावरून उजेड उसळत होता. फोनला धरायला खूणच सापडेना. आधी घर जरासं सरकलं. मग थरथरायला लागलं. भिंती हालल्या, माळवद हाललं. आमच्या धंद्यात हे रोजचं आहे. पण त्या जागेवर ते कसं दिसेल, याचा विचार आम्ही दोघांनीही केला नव्हता.

"भाईर! मने, भाईर!" अप्पा ओरडले. तिचा दंड धरून, दुसरा हात तिच्या डोक्यावर आडवा धरून, त्यांनी तिला ओढत लिंबापर्यंत नेलं. फोन मातीत पडला. मोकळ्या माळावर आम्ही पाच माणसं, आणि वर नुसतं आभाळ. अप्पांनी तिचा दंड सोडला नव्हता. आत्या त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होती, "न्हाई रे दादा, काई न्हाई, उगी." मी इम्रानला म्हटलं, आवर सगळं, चल.

पाणी प्यायल्यावर अप्पांनीच विचारलं, "ते हालतं कशापायी?"

मी त्यांना पेपरची, काचेच्या टेबलाची गोष्ट सांगितली. फोनला खुणा लागतात, इथे जमीन अगदी कोरी आहे.

"मंजे धरायला काई न्हाई मनून हालतं."

"हो अप्पा."

मनीषा डोळे पुसत म्हणाली, "मॅडम, गाडीतली वाकळ चालेल का?"

इम्रानने धावत जाऊन आणली. लाल, हिरवे, पिवळे तुकडे, चौकडीचे, फुलांचे, आणि त्यावर पांढऱ्या दोऱ्याचे टाके. यापेक्षा चांगलं काही फोनला मागून मिळालं नसतं. "कुठं पसरू?" त्याने विचारलं. त्याला बिचाऱ्याला काय माहीत तो काय विचारतोय ते.

अप्पा उठले. त्यांनी वाकळ त्याच्या हातातून घेतली आणि चालत गेले. जिथे मागची भिंत होती तिथे थांबले. पण पसरली नाही. छातीशी धरून उभे राहिले.

"हितं निजली व्हती," ते म्हणाले. "भितीकडं."

मनीषा त्यांच्याजवळ गेली.

"रोज न्हाई. रोज पाळन्याखाली निजायची, दोन खांबाच्या मधी. तू रडलीस की निजल्या निजल्या दोरी वडायची. त्या साली बगा, पाळन्यापशी गळायलं. तिच्या आंतरुनावर थेंब पडायलं. मनली, जरा माती टाका वो वर. मी मनलं, उद्या टाकतो. मंग मूग आला, मंग उडीद आला, मंग गनपती बसले. उद्या उद्या करत ऱ्हायलं. ती आपली भितीकडं सरकली, कोरड्यात." त्यांनी वाकळीत तोंड पुसलं. "गनपती बुडवून मी शेतात गेल्तो निजायला. पळत आलो तर भित आत आल्ती. दोनी खांब उबे. पाळना लोंबकळायलता, तू आत, धुळीनं पांडरी. ती पाळन्याखाली असती तर..."

आत्या तोंडाला पदर लावून उभी होती.

"गावातली समदी मनायची, मातीनं मारलं. माळवदाच्या मातीनं," अप्पा म्हणाले. "मी कुनाला सांगू, माजी तर माती न टाकल्यानं मेली मनून?"

मी तिथे उभी होते आणि रडत होते, हे सांगायला मला लाज नाही. इम्रानही दुसरीकडे बघत होता.

मनीषाने वडिलांच्या हातातून वाकळ सोडवून घेतली. "खांब कुठं होते, अप्पा?"

त्यांनी बोटाने दाखवलं. तिने तिथे, दोन खांबांच्या मध्ये, वाकळ पसरली. वाकणं तिला जड जात होतं. आत्या मदतीला पुढे झाली, तर तिने हातानेच नको म्हटलं. चारी कोपरे तिने स्वतः सरळ केले, आणि म्हणाली, "ती इथं झोपायची. माझ्या खाली. मी एवढंच लक्षात ठेवणार."

इम्रानने पुन्हा घर उभं केलं. वाकळीवर फोनची पकड बसली. घर उभं राहिलं ते राहिलं, तसूभर हाललं नाही.

अप्पांनी फोनमधून खूप वेळ बघितलं. मग मला म्हणाले, "म्याडम, वर माती टाकता येती का?"

"कुठं?"

"पाळन्याच्या वर. त्या गळायच्या जागी."

इम्रान म्हणाला, "अप्पा, माळवदाच्या वरचं फोनमधून दिसत नाही. आपण खालून बघतो ना—" मी त्याच्या पायावर पाय दिला.

"येते," मी म्हटलं.

गाडीत बसून मी लॅपटॉप उघडला. माळवद वरून दाखवलं, जागा विचारून घेतली, आणि मातीचा एक थर चढवला. अप्पा खिडकीतून वाकून बघत होते. "कडंला जरा उतार द्या," म्हणाले, "पानी उबारू नगं." मी उतार दिला. "दाबा जरा." दाबलं. बराच वेळ ते बघत राहिले, मग "हां," म्हणाले. तो 'हां' ऐकायला ती मोकळी जमीन आणि आम्ही एवढेच होतो.

मग ते घरात गेले. फोन मनीषाच्या हातात होता, ती आत वाकळीवर बसली होती. अप्पांच्या हातात काही नव्हतं, ते कुठल्या पडद्याकडे बघत नव्हते. उघड्या माळावरून नीट चालत आले, आणि जिथे दार होतं तिथे मान खाली घालून वाकले. आत आल्यावर सरळ झाले. मनीषाजवळ बसले.

"हितं?" तिने विचारलं. इतक्या वर्षांची लातूरची मास्तरीण, पण त्या वेळी तिची भाषा गावचीच होती.

"हितंच," अप्पा म्हणाले.

तिला मुलगी झाली. पाळणा अप्पांनीच बांधला, कडा दोनदा ओढून बघितला, आणि आता उन्हाळ्यात नातीला घेऊन ते घरात निजतात असं आत्या सांगते. घराचे पैसे मी त्यांच्याकडून घेतले नाहीत, एका पिशवीत मुगाची डाळ मात्र आली.

मी आता काम थांबवलंय. इम्रान हैदराबादला असतो. क्लासवाल्यांनी परगावच्या कंपन्यांचे महागडे चष्मे घेतलेत, आणि आमचं हृदय नव्या फोनमध्ये चालत नाही. सुताराने केलेलं कपाट त्याच्या मागे राहतं, माझ्या तक्त्यांपैकी एखादा अजून कुठल्या शाळेत लोंबत असेल. एआरमधलं काम तसं नाही. ते मोडत नाही, झिजत नाही, एका सकाळी नुसतं उघडायचं थांबतं. याचं मला वाईट वाटतं, खोटं कशाला सांगू? एक जुना लॅपटॉप मात्र मी अजून ठेवलाय. त्याची बॅटरी गेलीय, वायर लावूनच चालतो. हे म्हणतात, भंगारात दे. मी देत नाही.

कारण दर वर्षी मृगाच्या आधी, आभाळात ढग दिसायला लागले की, एक फोन येतो. पहिल्या वर्षी मला वाटलं, थट्टा करताहेत. तशी नव्हती. आता मी फोनची वाटच बघते. लॅपटॉप लावते, ते माळवद वरून उघडते आणि पाळण्याच्या वर एक नवा थर चढवते. एव्हाना तिथे चांगलाच उंचवटा झालाय. खरं घर असतं तर मी घाबरले असते, पण या मातीला वजन नाही.

"म्याडम, औंदाची माती टाकली का?"

"टाकली, अप्पा."

"उतार दिलाव न्हवं?"

"दिलाय."

"बरं केलाव," ते म्हणतात. "आता येऊ द्या पाऊस."